टाच टेकली पाहिजे

अक्का, तुझ्या खुर्चीत बसले आहे. खिडकीजवळच्या. काल तुझं तेरावं झालं, पाहुणे पांगले, मंडपवाल्याची भांडी परत गेली, आणि आज मला या खुर्चीतून उठता येत नाहीये. आजार-बिजार काही नाही, मांड्या धरल्यात. का धरल्या ते सांगते, पण तुला काही सांगायचं म्हणजे भांडतच सांगावं लागणार. आपलं भांडण अर्धवट टाकून उठायची तुझी सवयच होती. मी मुद्द्यावर आले की तुला नेमकं गॅसवरचं दूध आठवायचं. या वेळीही तसंच केलंस.

या खिडकीतून दिसतं काय, तर समोरच्या इमारतीची पाठ, तिचे गळके पाइप, आणि खाली आपला बोळ. बोळात तुझी सायकल. दोन भिंतींच्या मध्ये अशी बसली आहे की हँडल वाकडं केल्याशिवाय बाहेर निघत नाही. शेवटची कित्येक वर्षं तू दिवसभर हेच बघत होतीस. मी शाळेतून यायचे, चहा टाकायचे, तुला काय काय झालं ते सांगायचे, आणि मला वाटायचं की तुझं मन रमतंय. आज इथं बसल्यावर कळलं की या खिडकीत मन रमण्यासारखं काहीच नाही.

मी पिशोरहून लग्न होऊन उस्मानपुऱ्यातल्या या घरात आले, तेव्हा तू इथली थोरली सून होतीस आणि औरंगपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला जात होतीस. सून रोज घराबाहेर पडते, याचं मला केवढं अप्रूप वाटलं होतं! चार दिवसांत कळलं की त्या बाहेर पडण्याला किती कड्याकुलपं आहेत. रिक्षा नाही, बस नाही, कुणाच्या गाडीवर तर नाहीच. घर ते शाळा आणि शाळा ते घर, तेही सायकलवर, आणि सायकलसुद्धा सासरे सांगतील तशी. आपले दोघींचे नवरे भाऊ-भाऊ, आणि दोघांनीही वडिलांसमोर कधी मान वर केली नाही. त्यामुळं मामंजींचा शब्द म्हणजे हुकूम.

तो हुकूम तूच मला नक्कल करून दाखवला होतास. नवी लेडीज सायकल घरी आली त्या दिवशी मामंजींनी तुला सगळ्यांदेखत अंगणात सीटवर बसवलं, धोतर सावरून खाली वाकले आणि तुझी पावलं निरखू लागले. "टाच टेकली पायजे. चवडा नाय, टाच. दोन्ही. खाटंवर बसल्यावानी." मेकॅनिकनं सीट खाली घेतली, पुन्हा खाली घेतली, शेवटी सीटची दांडी नळीत पार गडप झाली तेव्हा कुठं ते उठले. तो मेकॅनिक म्हणे पुटपुटला, की ही सायकल आहे का पाट. मामंजींनी त्याच्याकडं नुसतं बघितलं.

त्यांच्या या हट्टामागचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. निजामाच्या अमलात, रझाकारांच्या धास्तीनं त्यांचं कुटुंब गाव सोडून पळालं, तेव्हा त्यांची थोरली बहीण भरधाव बैलगाडीतून खाली पडली. पाय मोडला आणि तो वाकडाच जुळला. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, सगळे आपापल्या घरी परतले, पण ती बाई जन्मभर लंगडली. "बाई पडता कामा नये, बस्स," एवढं म्हणून मामंजी विषय मिटवायचे. मला तेव्हा त्यांचा राग यायचा आणि आता नुसतं वाईट वाटतं. एक बाई गाडीतून पडली म्हणून दुसऱ्या बाईचे गुडघे त्यांनी जन्मभरासाठी दुमडून ठेवले.

मग मी आले. मला पुढं शिकायचं होतं, आणि तेही शारीरिक शिक्षण. घरात केवढा गहजब झाला. तू मध्ये पडलीस. मामंजींनी अखेर मान हलवली, पण त्यांचं फर्मान होतंच: धाकटी थोरलीबरोबर जाईल, थोरलीबरोबर येईल, आणि घरातल्या बायकांना सायकल एकच. म्हणजे पळण्या-उड्यांचं शिक्षण घ्यायला मी रोज तुझ्या कॅरिअरवर बसून जाणार! कॉलेजातल्या पोरी हसायच्या.

ते चढणं मला अजून आठवतं. तू सीटवर बसून दोन्ही टाचा जमिनीत रोवायचीस, मी एका बाजूला पाय सोडून मागं बसायचे, तुझ्या कमरेला हात घालायचे. "बसलीस का?" "बसले." मग निघायचीस. गल्लीच्या तोंडापर्यंत मी तुला 'अहो अक्का' म्हणायचे, आणि गल्ली वळली की 'तू'. ते तूच ठरवलं होतंस. "घरात काय म्हणायचं ते म्हण, सायकलवर आपुन बहिणी." दिवसातला तेवढाच वेळ आपल्याला कुणी सुना म्हणत नव्हतं. क्रांती चौकाकडं चढ लागला की तुझ्या पाठीतून धाप मला ऐकू यायची. मी म्हणायचे, "उतरू का?" आणि तू म्हणायचीस, "बस गुमान." पैठण गेट आलं की तू घंटी उगाच वाजवायचीस, समोर कुणी नसलं तरी.

त्या शिक्षणात मला स्नायू कळले आणि तुझी पंचाईत झाली. एका संध्याकाळी तुझ्या मांड्यांना तेल चोळत होते. पुढचा भाग हाताला पाटीसारखा कडक लागला, मागचा नुसता मऊ. मी सरसावून बसले. म्हटलं, अक्का, अगं तू सायकल अर्ध्या पायानं चालवतेस. सीट इतकी खाली आहे की तुझा गुडघा कधी उलगडतच नाही. सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतो, तो गुडघ्याच्या वाटीला दाबून धरतो, आणि ज्यांनी खरं ओझं ओढायचं ते मागचे, ढुंगणाचे, मांडीच्या पाठीमागचे स्नायू आयतेच बसून राहतात. त्यात तू पॅडल पावलाच्या मध्यावर ठेवतेस, म्हणजे पोटरीलाही सुट्टी. सीट चार बोटं वर घे, पॅडल खाली गेल्यावर टाच त्यावर ठेवून पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलास की गुडघ्याला हवा तेवढाच बाक राहील. बघ कसा सगळा पाय कामाला लागतो.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "लई शिकलीस गं. अन् ढुंगण म्हणायला काय लाज नाय वाटत तुला मास्तरीण होऊन?" आणि दूध बघायला उठलीस. उठताना दोन्ही हात मांड्यांवर टेकलेस, ते मी तेव्हाच पाहिलं होतं.

पुढं मला तुझ्याच शाळेत नोकरी लागली. शाळेच्या मैदानावर मी सायकल शिकले, स्वतःची घेतली, आणि सीट बरोब्बर लावून घेतली. पाय कसे मोकळे सुटायचे! चढावर कमरेपासून जोर यायचा आणि शाळेत पोचल्यावर मी तासभर मुलींबरोबर पळू शकायचे. तोवर मामंजी गेले होते. मला वाटलं, आता तरी. म्हटलं, अक्का, मेलेल्या माणसाचा हुकूम कोण पाळतं? आज आपण सीट वर घेऊ.

"असू दे."

"अगं पण का?"

"तू तुझी उंच ठेव. घरात एक तरी टेकणारी पायजे."

झालं. याच वाक्यावर आपण वर्षानुवर्षं भांडलो. मी म्हणायचे, तू भित्री आहेस, तुला पिंजऱ्याची सवय झाली आहे, दार उघडलं तरी तू आतच बसणार. तू हसायचीस. तुझं ते हसणं मला इतकं चिडवायचं की मी दोन-दोन दिवस तुझ्याशी बोलायचे नाही, आणि तू खुशाल माझ्या डब्यात तुझी भाजी घालून ठेवायचीस.

आणि तो दिवस आठवतो का, तुझी सायकल पंक्चर झाली होती तो? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आज तू माझ्या कॅरिअरवर बस. तू शाळेच्या फाटकात मागं बसलीस. माझे चवडे कसेबसे जमिनीला लागलेले, सायकल कलली ती कललीच, आणि आपण दोघी मुलींच्या घोळक्यात आडव्या झालो. मी म्हटलं, तुझं वजन वाढलंय. तू पदर झटकत म्हणालीस, "व्हय बाई, वाढलंय." एवढंच. माझी रूपा बालवाडीत जायला लागली तेव्हाही तेच. आईच्या सायकलवर बसताना भोकाड पसरायची आणि मोठ्या आईच्या मागं मात्र शहाण्यासारखी बसायची. मी कौतुकानं सगळ्यांना सांगायचे, की पोरीला काकूचा लळा आईपेक्षा जास्त आहे.

तुझे गुडघे मग बोलायला लागले. आधी चढउतार करताना, मग खाली बसताना, मग बसल्या जागी. तू कुरकुर करणारी नव्हतीस, पण एकदा भाजी निवडताना मला म्हणालीस, "सायकल बंद पडली की मी बंद पडले, एवढं ध्यानात ठेव." ते खरंच होतं. मामंजी गेल्यावरही तू रिक्षात एकटी कधी बसली नाहीस. तुला बाहेरचं जग माहीत होतं ते सायकलवरून दिसतं तेवढंच. ती सायकल तुझी मोकळीक होती, आणि तीच तुझे गुडघे खात होती. मला दोन्ही दिसत होतं आणि हातात काही नव्हतं.

रूपा शिकायला पुण्याला गेली, त्यानंतर एके दिवशी तू आपणहून म्हणालीस, "कर बाई वर एकदाची. तू म्हणतीस तेवढी."

अक्का, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पाना घेऊन मी बोळात धावले. नट सुटला. सीटला दोन्ही हातांनी धरून ओढली. हलेना. डावी-उजवी पिळली. हलेना. तू या खिडकीतून बघत होतीस. मी सायकल ढकलत पैठण गेटजवळच्या दुकानात नेली. त्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी नळीत रॉकेल सोडलं, ठोकलं, पुन्हा दुसऱ्या दिवशी ठोकलं. मग हात पुसत म्हणाले, "बाई, ये अंदरच जम के बैठ गया. कितने बरस से हिलाएच नहीं किसीने. अब जोर लगाए तो नळी फट जाती. नक्को." दांडी वर्षातून एकदा काढून तिला ग्रीस लावायचं असतं, नाहीतर गंज दोघांना एक करून टाकतो. हे मला माहीत होतं. माझ्या सायकलीचं मी दर दिवाळीला करत होते.

तुला सांगितलं तेव्हा तू फक्त "असं व्हय," म्हणालीस.

मी हार मानली नाही. नवी घेऊ म्हटलं, तर तू म्हणालीस, आधी तुझी चालवून बघते. संध्याकाळी गल्लीत माणूस नसताना मी माझी सायकल तुझ्या मापाला लावली, धरून ठेवली, तुला बसवलं आणि ढकललं. तू गेलीस! पाठ ताठ, पाय लांब, गल्लीच्या टोकापर्यंत सरळ. वळून आलीस तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा होता. "अगं, मांडीत काहीच होत नाय!" "मग कुठं होतंय?" "मागं! तुझ्या त्या ढुंगणात!" आपण दोघी खिदळलो. आणि मग तू माझ्यासमोरून तशीच पुढं गेलीस. पुन्हा वळलीस, पुन्हा गेलीस. तुला थांबता येत नव्हतं. पाय खाली सोडायचीस, जमीन सापडायची नाही, तू घाबरून पुन्हा पॅडल मारायचीस. "धर गं मला, धर! उतरू कशी?" मी धावत कॅरिअर पकडलं तेव्हा तू घामानं निथळत होतीस. खाली उतरून भिंतीला टेकलीस आणि म्हणालीस, "नको बाई. माझ्या पायांना आता हे जमायचं नाय."

मी पुष्कळ समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. पण तुझं शरीर तुझ्या सायकलीसारखंच एका मापाला घट्ट बसलं होतं. काही महिन्यांनी तू नोकरी सोडलीस. सायकल बोळात गेली आणि तू या खुर्चीत. मी शाळेतून आले की तू विचारायचीस, "चढाला उतरावं लागलं का गं?" मी म्हणायचे, नाही. खोटं कधी सांगितलं नाही, मला कधीच उतरावं लागलं नाही. साठी उलटली तरी माझे गुडघे अजून ठणठणीत आहेत.

आता आज सकाळचं सांगते. तुझ्या दिरांनी भंगारवाल्याला बोलावलं होतं. सायकल नेतो म्हणाला. मी म्हटलं, नंतर ये. मग मी आणि रूपानं हँडल वाकडं करून ती बोळातून ओढून काढली, धुतली, चाकांत हवा भरली. रूपा आता चांगली थोराड बाई झाली आहे, तिच्या केसात पांढरं आलंय. ती म्हणाली, "आई, एकदा मला ने ना मागं बसवून. मोठ्या आईनं नेल्यावानी."

मी तुझ्या सीटवर बसले. गुडघे कुठं ठेवावेत कळेना, हँडलला लागत होते. पुटपुटलेच, की बघा, ही काय बैठक आहे का. तेवढ्यात रूपा मागं बसली. सायकलीला हिसका बसला, पुढचं चाक वळलं, आणि मी काही करायच्या आत माझ्या दोन्ही टाचा आपोआप जमिनीत रुतल्या. सायकल जागच्या जागी उभी राहिली. जराही कलली नाही.

मी वाकून माझ्या टाचांकडं बघितलं. रूपा म्हणाली, "काय झालं?"

म्हटलं, "काही नाही. तू नीट बसलीस का?"

ती हसली. "मोठी आई अस्संच विचारायची. आधी टाचा टेकवते मग बस, म्हणायची. टाच टेकली की मागचं माणूस पडत नाय."

अक्का, हे तू तिला सांगितलंस. बालवाडीतल्या पोरीला सांगितलंस आणि मला नाही! मी तुला मांडीचे स्नायू शिकवत होते, मेलेल्या सासऱ्याला भितेस म्हणून हिणवत होते, आणि तू माझ्या डब्यात भाजी घालत होतीस. मला एकदा म्हणाली असतीस, की बाई, आधी तू बसत होतीस म्हणून, मग तुझी पोरगी बसत होती म्हणून. मागं कुणी उरलं नाही तेव्हाच तू म्हणालीस, कर वर. आणि तोवर ती दांडी जाम झाली होती. मला तुझा इतका राग आलाय की तू समोर असतीस तर पुन्हा दोन दिवस बोलले नसते. आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या पायांना तेल लावलं असतं.

मी रूपाला घेऊन निघाले. गल्लीत नाही, पार क्रांती चौकाच्या चढापर्यंत. लोक बघत होते, बघू देत. अर्ध्या वाटेतच मांड्या पेटल्या. मागच्या स्नायूंना मी कितीदा हाक मारली, त्या बैठकीत ते कामालाच येत नाहीत. गुडघ्याच्या वाटीखाली कुणीतरी बोट घालून दाबतंय असं वाटत होतं. माझी धाप ऐकून रूपा म्हणाली, "आई, उतरू का?"

माझ्या तोंडातून शब्द आले ते तुझेच. "बस गुमान."

भंगारवाला परत आला होता. त्याला घालवून दिलं, सायकल परत बोळात लावली. आता खुर्चीत आहे, रूपानं चहा इथंच आणून दिला. उठायचं म्हटलं तर दोन्ही हात मांड्यांवर टेकावे लागतायत. लई दुखतायत, अक्का. पुढूनच दुखतायत, मी म्हणत होते ना, तिथंच.